साठावरचा काटा

मीटरकाकांनी आयुष्यात एकच खोटा मीटर बनवला, आणि तो स्वतःच्या गाडीत बसवला.

बाकी चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून जो मीटर गेला तो चोख गेला. ट्रकचे, टॅक्सीचे, शाळेच्या बसचे, एकदा तर अग्निशामक बंबाचासुद्धा. दुकान एवढंसं होतं, दोन माणसं आत असली तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं. त्या दोनांतले एक काका आणि दुसऱ्या काकू. काकूंना पगार नव्हता, पण हुकूम त्यांचाच चालायचा. काका स्वतःला काटेकोर म्हणवून घेत आणि काकू म्हणत, काटे यांचे, कोर माझी.

गाडीचा वेग सांगणारा मीटर आतून फार साधा असतो. म्हणजे जुना मीटर. चाकाकडून एक केबल येते, ती लोहचुंबक फिरवते, चुंबकाच्या ओढीने काटा पुढे जायला बघतो आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग त्याला मागे ओढते. या ओढाताणीत काटा जिथे ठरतो तो वेग. स्प्रिंग आवळली की काटा कमी दाखवतो, सैल केली की जास्त. काका गिऱ्हाइकांना सांगायचे की संसारही असाच असतो, आणि काकू मान वर न करता म्हणायच्या, यातली स्प्रिंग कोण ते नका सांगू.

स्प्रिंगचं काम काकूंचं होतं. काकांची बोटं जाड, चिमटा घसरायचा आणि स्प्रिंगवर ओरखडा उठायचा. काकूंचा हात इतका हलका की स्प्रिंगला कळायचंही नाही कुणी हात लावला. चिठ्ठ्याही त्याच लिहायच्या. दुकानाचा एक नियम होता आणि तो काकांनीच घालून दिलेला होता: जो मीटर उघडेल त्याने आतल्या चिठ्ठीवर लिहायचं. डब्याच्या आत, मागच्या बाजूला, एक गोल कागद चिकटवलेला असे. वाटीच्या झाकणाएवढा, चार ओळी आखलेला. तारीख, काय बिघडलं होतं, काय केलं. पुढे कुणीही मीटर उघडला तर त्याला मागची सगळी हकीकत कळावी. डॉक्टरने चुकीचं औषध दिलं तर पेशंट बोलतो तरी, मीटरला तोंड नाही, असं काका म्हणत. त्यांचं स्वतःचं अक्षर मात्र असं की मीटर परवडला, म्हणून लिहिणाऱ्या काकू.

सगळं झालं की शेवटची परीक्षा रस्त्यावर. गावाबाहेर कालव्याच्या कडेने सरळसोट रस्ता जातो, त्यावर दर किलोमीटरला दगड आहे. काटा साठावर धरायचा आणि एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत वेळ मोजायचा. बरोबर साठ सेकंद लागले तर मीटर बरोबर. हिशेब पोरालाही कळेल असा, पण करायला माणसं दोन लागतात. एकाने नजर काट्यावरून हलवायची नाही, दुसऱ्याने दगडावरून. दगड खिडकीच्या कडेला भिडला की काकू म्हणायच्या "आला", आणि स्टॉपवॉचचं बटण दाबायच्या. गिऱ्हाइकांच्या गाड्यांमधून असे किती दगड आले आणि गेले, मोजदाद नाही.

गंमत म्हणजे याच काकूंना वेगाची भीती होती. भीती उगाच नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा असताना भरधाव मोटरसायकलवरून पडून गेला. त्या दिवसापासून त्यांनी साठाच्या वर जाणाऱ्या कुठल्याही वाहनात पाऊल ठेवलं नाही. गाडीत बसल्या की त्यांची नजर काट्यावर. बासष्ट झाले की "अहो". पासष्ट झाले की "अहो, मी उतरते". आणि त्या खरंच उतरल्या असत्या.

एवढ्यावर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मुलीच्या पदवीदानाला दोघं निघाले त्या दिवशी वाटेत फाटक लागलं, मग ट्रकांची रांग लागली, आणि रस्ता मोकळा झाल्यावर काकांनी काटा सत्तरावर नेला तर काकू दाराच्या कडीला हात लावून बसल्या. काका साठाने गेले. पोचले तेव्हा सभागृहात खुर्च्या गोळा करणं चालू होतं. मुलगी झगा हातावर टाकून पायऱ्यांवर बसली होती. यांना बघून ती उठली आणि झग्याची घडी घालायला लागली, म्हणून काकांना जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी काकू बाजारात गेल्या असताना त्यांनी स्वतःच्या गाडीचा मीटर काढला आणि स्प्रिंग आवळली. गाडी सत्तरने धावली की काटा साठ दाखवेल, एवढीच.

चिठ्ठीवर त्यांनी काही लिहिलं नाही. काय लिहिणार? नियम करणाऱ्यानेच नियम मोडला आणि डबा बंद केला.

पहिले काही दिवस मजा वाटली. काकू काट्याकडे बघून निर्धास्त आणि काका मनातल्या मनात हसताहेत. मग मजा ओसरली. काकू गाडीत गप्प बसू लागल्या. पर्समध्ये हात घालून, खिडकीबाहेर बघत काहीतरी पुटपुटायच्या. कधीतरी विचारायच्या, "अहो, आज जोरात चालवताय का?" काका म्हणायचे, "साठ आहेत, बघ ना." त्या काट्याकडे बघायच्या, मान डोलवायच्या आणि रुमाल तोंडाला लावून पुन्हा खिडकीकडे वळायच्या. डोळ्यांना धोका दिला तरी जिवाला कळतंच, काकांना वाटायचं. ही बिचारी भीती गिळते आहे आणि आपण तिला फसवतो आहोत. भाऊ गमावलेल्या बाईशी आपण हा खेळ खेळलो. काटा गाडीत होता, पण सलायचा काकांना.

तरी त्यांनी तो नीट केला नाही. नीट करायचा म्हणजे सांगायला हवं, आणि सांगायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची? आज सांगू, उद्या सांगू, यात दहा वर्षं गेली. दुकान गेलं. नव्या गाड्यांत काटा नाही आणि स्प्रिंग नाही, नुसते आकडे उजळतात. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मग काकू आजारी पडल्या. आठ दिवसांचं दुखणं. सहाव्या दिवशी, त्या जरा बऱ्या वाटत असताना, काकांनी इस्पितळातली खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि म्हणाले, "अगं, तुला एक सांगायचं राहून गेलंय." काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "घरी गेल्यावर सांगा."

त्या घरी आल्या नाहीत. याला आता दोन वर्षं होत आली.

दोन वर्षांत काकांनी गाडी आठ-दहा वेळा बाहेर काढली असेल. एकट्याने कुठे जायचं? भाजी कोपऱ्यावर मिळते. मुलगी समुद्रापार असते, ती दर शनिवारी फोनवर सांगायची, बाबा, गाडी विकून टाका, उभ्या उभ्या गंजेल. काका हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुसून ठेवायचे. शेवटी इस्पितळातली एक नर्सबाई गिऱ्हाईक म्हणून आली. तिशीची, नुकतीच गाडी शिकलेली, घरी म्हातारी आई. ड्यूटीच्या वेळा अशा की बस मिळत नाही. तिने गाडी मागून-पुढून बघितली, आत बसली, स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि एकच प्रश्न विचारला.

"काका, मीटर बरोबर दाखवतो ना? मला अजून अंदाज येत नाही. मी सगळा वेळ काट्याकडे बघूनच चालवते."

चोराच्या मनात चांदणं. काकांना वाटलं, हिला कुणी सांगितलं? ते म्हणाले, रविवारी गाडी न्यायला या, तोवर तपासून ठेवतो. ती गेल्यावर ते तिथेच बॉनेटला टेकून उभे राहिले. एक बाई त्या काट्यावर विश्वास ठेवून गेली आणि आता दुसरी ठेवणार. पहिलीला सांगायचं राहिलं ते राहिलं. निदान काटा तरी रविवारच्या आत खरा करायला हवा होता. आयुष्यातलं एकुलतं एक खोटं विकून मोकळं व्हायचं, इतके ते निर्ढावलेले नव्हते.

आधी मीटर किती खोटा आहे हे मोजायला हवं. बारा वर्षांत स्प्रिंग आणखी सरकली असेल, टायर बदलले आहेत. दुकानात मीटर तपासायची मोटर होती, ती भंगारात गेली. राहिले दगड, आणि दगडांना माणूस लागतो.

शनिवारी सकाळी काका माणूस शोधायला निघाले. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचे गुडघे धरले होते, पण त्यांनी काकांना अर्धा तास बसवून गुडघ्यांची हकीकत सांगितली. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्याने दार अर्धंच उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, कुठल्या जमान्यात आहात? फोनमध्ये स्पीड दिसतो की." आणि त्याने तिथल्या तिथे काकांच्या फोनवर ते दाखवूनही दिलं. वर आकाशातून कुणीतरी मोजतं म्हणे. काका त्याचे आभार मानून खाली आले.

जिन्यात ते जरा थांबले. शिकवणीवाल्याचं काही चुकलं नव्हतं. आकडा हवा असता तर फोनने दिला असता. पण काकांना नुसता आकडा नको होता. शेजारच्या सीटवरून कुणीतरी "आला" म्हणायला हवं होतं, आणि तसं म्हणणारं सबंध इमारतीत कुणी नव्हतं. ही गोष्ट त्यांना त्या जिन्यात उभ्या उभ्या नीट कळली, आणि कठड्याला धरून ते पुढच्या पायऱ्या उतरले.

मग त्यांनी मुलीला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. काकांनी तिला समजावलं: मी "आला" म्हणालो की तुझ्या फोनवरचं घड्याळ सुरू कर, पुन्हा म्हणालो की थांबव. ती म्हणाली, अहो बाबा, आवाज पोचायलाच सेकंदभर जातो. काका म्हणाले, पहिल्यांदा जेवढा उशीर, दुसऱ्यांदा तेवढाच, वजाबाकीत दोन्ही उडतात. मुलगी हसली. ही अशी उत्तरं तिने लहानपणापासून ऐकली होती. कशासाठी एवढा उपद्व्याप, असं तिने विचारलं तेव्हा काका म्हणाले, गिऱ्हाइकाला शब्द दिलाय. तेही खोटं नव्हतं.

कालव्याचा रस्ता रिकामा होता. काकांनी फोन शेजारच्या सीटवर ठेवला, आवाज मोठा केला. सहावा दगड गेल्यावर काटा साठावर आणला आणि पाय स्थिर केला. मनात हिशेब तयार होता: गाडी खरी सत्तरने धावते आहे, म्हणजे एक्कावन्न-बावन्न सेकंद. सातवा दगड खिडकीच्या कडेला भिडला.

"आला," काका म्हणाले.

गाडीत नुसती इंजिनाची घरघर. पाण्यावर ऊन पडलं होतं. एका डोळ्याने काटा, एका डोळ्याने दगड, असं काकांनी कधी केलं नव्हतं. त्यांचं काम काट्याचं होतं, दगडाचं खातं दुसऱ्याचं. आठवा दगड लांबून दिसला, जवळ आला.

"आला."

"साठ," मुलगी म्हणाली. "बाबा, साठ सेकंद. वर थोडं काहीतरी आहे."

काका म्हणाले, बटण उशिरा दाबलंस. तिने नाही म्हटलं. मग नववा ते दहावा, दहावा ते अकरावा. एकदा एकोणसाठ आणि वर काही, एकदा पुन्हा साठ. मुलीने विचारलं, म्हणजे चांगलंच ना? काका म्हणाले, हो, चांगलंच. मग ती म्हणाली, "आई म्हणायची तसंच म्हणता तुम्ही. आला." जेवायची वेळ झाली असेल तुमची, असं म्हणून काकांनी फोन ठेवला आणि गाडी कडेला घेतली.

स्प्रिंग म्हातारी होते, ढिली पडते, हे खरं. पण ती ढिली पडून नेमकी पहिल्या जागेवर येऊन बसते, असं चौतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. टायरही इतका फरक करत नाहीत. आपणच आवळायचं विसरलो की काय, असंही त्यांना वाटून गेलं. पण ती दुपार त्यांना लख्ख आठवत होती. चिमटा घसरला होता, आणि त्यांनी तोंडातल्या तोंडात शिवी दिली होती.

घरी येऊन त्यांनी मीटर काढला. केबल सोडवली, दोन स्क्रू, मग काचेची कडी. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्म्यावर भिंग चढवलं. काटा आणि तबकडी अलगद बाजूला ठेवली. स्प्रिंग जागेवर होती, आणि तिच्या बाहेरच्या वेढ्यावर तो ओरखडाही होता. म्हणजे आवळली होती हे नक्की. मग सैल कुणी केली?

त्यांनी डबा उलटा करून दिव्याखाली धरला. आत गोल चिठ्ठी होती. पहिली ओळ काकूंच्या अक्षरात, गाडी घेतली त्या महिन्याची: तपासला, बरोबर. दुसरी ओळ कोरी. आणि तिसऱ्या ओळीत पुन्हा काकूंचं अक्षर, बारीक, जागा पुरावी म्हणून दाटून लिहिलेलं. तारीख, काकांनी स्प्रिंग आवळली त्यानंतर चार महिन्यांची. पुढे लिहिलं होतं:

"स्प्रिंग आवळलेली. चिमट्याचा ओरखडा. सैल करून जागेवर आणली. तपासला, बरोबर. वरची ओळ यांच्यासाठी सोडली आहे."

काकांनी ते तीनदा वाचलं. मग भिंग काढून पुन्हा वाचलं, जणू भिंगच काहीतरी जास्तीचं दाखवत होतं.

तारखेवरून त्यांना हळूहळू सगळं उमगलं. तेव्हा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पंधरा दिवस पट्टी होती आणि दुकान काकू एकट्या बघत होत्या. पट्टी सुटल्यावर ते पहिल्यांदा गाडीत बसले तर मीटरची काच आरशासारखी चकचकीत दिसली होती. त्यांनी चार लोकांत डॉक्टरची तोंड भरून तारीफ केली, काय हात आहे, जग नवं दिसतंय म्हणून. काकू शेजारीच उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या होत्या, हात चांगला आहे खरा.

आणि पर्समधला हात! पर्समध्ये स्टॉपवॉच होतं, दुसरं काय असणार? ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या ते "आला". दगड मोजून त्यांनी नवऱ्याला पकडलं, पंधरा दिवसांत त्याचं पाप निस्तरलं आणि पुन्हा दगड मोजून काम तपासलंही. त्यानंतरची दहा वर्षं काका साठाने गाडी चालवत होते आणि मनात सत्तरची ऐट मिरवत होते. काकू शेजारी बसून विचारायच्या, आज जोरात चालवताय का? आणि रुमाल तोंडाला लावायच्या. भीती कसली? बाई हसत होती. शेराला सव्वाशेर भेटला होता, आणि शेराला इतकी वर्षं पत्ता नव्हता.

काका हसायला लागले. आधी नाकातून, मग मोठ्याने, टेबलावरचे स्क्रू हलले इतकं. हसता हसता ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून म्हणाले, "अगं, काय बाई आहेस तू."

दारात कुणी नव्हतं. ओट्यावर एक कप आणि एक ताटली उपडी घातलेली होती. हसायला दोन माणसं लागतात, एकाने खोडी करायची आणि दुसऱ्याने पकडायची, आणि ही दोघांची थट्टा पुरी व्हायला नेमकं एकच माणूस उरलं होतं. काकांचं हसू मध्येच बंद पडलं. मग त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी अडवलं नाही. इस्पितळातलं ते बघणं त्यांना आता कळलं. काय सांगायचं राहिलंय हे तिला ठाऊक होतं. घरी गेल्यावर सांगा म्हणाली, कारण ते सांगायची जागा तिने घरी राखून ठेवली होती. बोटभर लांबीची जागा. दहा वर्षांत एकदा मीटर उघडला असता, माफी मागायच्या विचाराने का होईना, तर ती ओळ सापडली असती आणि दोघं टेबलाशी बसून पोट दुखेपर्यंत हसले असते. उघडला नाही. भित्रे काकाच निघाले.

त्यांना वाटलं, चिठ्ठी सोडवून घ्यावी. कोमट पाण्याने कागद सुटतो. पाकिटात ठेवता येईल. नर्सबाईला त्या कागदाचं काय करायचंय? त्यांनी पाणी तापवलंसुद्धा. मग पातेलं तसंच बाजूला ठेवलं. चिठ्ठी मीटरची असते, माणसाची नाही, हे त्यांनीच घालून दिलं होतं आणि एकदा मोडून झालं होतं.

त्यांनी बारीक निबेचं पेन शोधलं, आधी वर्तमानपत्राच्या कडेवर दोन-तीनदा गिरवून पाहिलं. मग डबा डाव्या हातात घट्ट धरून कोऱ्या ओळीवर लिहिलं. तारीख बारा वर्षांपूर्वीची घातली, खरी. पुढे लिहिलं: "स्प्रिंग मी आवळली. चुकलं." अक्षर नेहमीसारखंच गेलं, पण वाचता येत होतं. शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत बसले. मग मीटर जोडला, काच पुसली आणि गाडीत बसवला.

रविवारी सकाळी नर्सबाई आली. किल्ली हातात घेताना तिने पुन्हा विचारलं, "तपासलात ना, काका?"

"अगदी बरोबर आहे," काका म्हणाले. "आमच्या हिने तपासलाय."

तिला बरं वाटलं. पण गाडीत बसल्यावर तिने विचारलं की कालव्याच्या रस्त्यापर्यंत शेजारी बसाल का, पुढे मी जाईन. काका दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. या सीटवर ते उभ्या आयुष्यात कधी बसले नव्हते. इथे पायाखाली ब्रेक नव्हता, हाताला स्टीअरिंग नव्हतं. हात कुठे ठेवायचे हेच कळेना, म्हणून त्यांनी ते खिशात घातले. उजव्या हाताला रुमाल लागला.

कालव्याकडे वळल्यावर रस्ता मोकळा झाला. नर्सबाईची नजर काट्यावर होती. चाळीस, पन्नास, मग काटा साठावर जाऊन थांबला. कडेची झाडं एकदम अंगावर यायला लागली. काकांनी पाय पुढे रेटले आणि दाराची कडी धरली. साठ म्हणजे एवढे असतात हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या सीटवरून साठ फार वाटतात.

सातवा दगड लांबून दिसला. जवळ आला, खिडकीच्या कडेला भिडला.

"आला," काका ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"काय म्हणालात, काका? जोरात जातेय का मी?"

काकांनी रुमाल तोंडाला लावला आणि खिडकीकडे बघितलं.

"काही नाही," ते म्हणाले. "साठच ठेवा."